पैलवान कबड्डीत रुळतो, बोल्ट फुटबॉलमध्ये अडतो: खेळ बदलला की काय सोबत येतं?

प्रश्न असा आहे: एका खेळात अगदी वरच्या पातळीवर खेळणारा व्यावसायिक खेळाडू दुसऱ्या खेळात उतरला, तर तिथेही यशस्वी होईल का? होणार असेल, तर कोणत्या खेळातून कोणत्या खेळात?

‘खरा खेळाडू कुठेही चमकतो’ असं म्हणायला बरं वाटतं, पण मैदानावर ते टिकत नाही. खेळाडूसोबत त्याचं शरीर येतं: फुप्फुसं, पायांची ताकद, उंची, वजन पेलायची सवय, सरावाची शिस्त. येत नाही ती नजर. समोरच्याचा खांदा किंचित वळला की पुढे काय होणार हे ओळखणारी नजर त्या त्या खेळात, हजारो वेळा तेच दृश्य पाहून घडते. त्यामुळे नव्या खेळाला शरीर जास्त लागतं की नजर जास्त लागते, हे आधी बघायचं. खेळाडूचं नाव किती मोठं आहे हे नंतर.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण मायकेल जॉर्डनचं. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये तो बास्केटबॉलमधून निवृत्त झाला आणि १९९४ चा मोसम बर्मिंगहॅम बॅरन्सकडून बेसबॉल खेळला. हा संघ मुख्य लीगच्या दोन पायऱ्या खालचा. १२७ सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी .२०२ होती, म्हणजे शंभर प्रयत्नांत साधारण वीस हिट. होम रन ३, आणि ११४ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. पण त्याच मोसमात त्याने ३० बेस चोरले, म्हणजे हिटची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला. बेस चोरायला सुरुवातीची उसळी आणि धाव लागते, ती त्याच्याकडे होतीच. चेंडू ओळखायला नजर लागते, आणि शाळा सुटल्यापासून त्याने बेसबॉल खेळलेलाच नव्हता. मोसमाच्या सुरुवातीला तर त्याने सलग १३ सामन्यांत हिट मारले. पुढे गोलंदाजांनी त्याला सरळ वेगवान चेंडू द्यायचे सोडून वळणारे चेंडू टाकायला सुरुवात केली आणि त्याची लय बिघडली. क्रिकेटमध्ये नवा फलंदाज पहिल्या चार डावांत चमकतो आणि मग त्याच्या उणिवा सगळ्यांना कळतात, तसंच हे. लोक इथेच गोष्ट संपवतात, पण त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या लीगमध्ये तो .२५२ पर्यंत पोचला होता. म्हणजे नजर घडत होती. फक्त तो ३१ वर्षांचा होता आणि तिला आणखी तीन-चार मोसम लागले असते.

नजरेची किंमत याहून स्वच्छ दाखवणारा प्रसंग २००४ चा आहे. अमेरिकेच्या महिला सॉफ्टबॉल संघाची जेनी फिंच हिने एका प्रदर्शनीय सामन्यात अल्बर्ट पुहोल्सला स्ट्राइकआउट केलं. पुहोल्स म्हणजे त्या काळातला बेसबॉलमधला बहुधा सर्वोत्तम फलंदाज. सॉफ्टबॉलचा चेंडू बेसबॉलपेक्षा मोठा आणि वेगही कमी. फेकणारी मात्र १८.४४ मीटरऐवजी १३.१ मीटरवर उभी असते, त्यामुळे चेंडू पोचायला लागणारा वेळ दोन्हीकडे साधारण सारखाच, सेकंदाच्या चार दशांशांच्या आसपास. वेळ नेहमीइतकाच होता आणि पुहोल्सची प्रतिक्रियाही मंद नव्हती. अडचण अशी की चेंडू सुटल्यावर बघून ठरवायला कुणालाच वेळ नसतो. फलंदाज चेंडू सुटायच्या आधी खांदा, कोपर, मनगट बघून अर्धा निर्णय घेऊन मोकळा होतो. फिंचचा हात खालून चक्राकार येत होता, आणि त्या हाताची चित्रं पुहोल्सच्या डोक्यात साठलेलीच नव्हती. ‘रिफ्लेक्स चांगले आहेत, दुसऱ्या खेळात चालून जाईल’ असं कुणी म्हणालं की हा प्रसंग आठवावा. साधा प्रतिक्रियावेळ अव्वल खेळाडूचा आणि तंदुरुस्त माणसाचा फार वेगळा नसतो.

आता उलट बाजू. ज्या खेळांत समोरचा माणूस किंवा चेंडू तुमच्या हालचालीला उत्तर देत नाही, तिथे शरीर घेऊन गेलेला माणूस थक्क करणाऱ्या वेगाने वर जातो. ब्रिटनच्या रिबेका रोमेरोने २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये नौकानयनात रौप्य मिळवलं आणि २००८ च्या बीजिंगमध्ये ट्रॅक सायकलिंगच्या वैयक्तिक परस्यूटमध्ये सुवर्ण. दोन्हीकडे इंजिन एकच: मोठे पाय, प्रचंड प्राणवायू वापरण्याची क्षमता, आणि काही मिनिटं वेदना सहन करत एकाच लयीत जोर लावणं. स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच आधी स्की जंपर होता, २००७ साली ज्युनिअर जागतिक सांघिक विजेता. पुढे सायकलिंगमध्ये येऊन त्याने स्पेनची व्हुएल्ता ही अनेक टप्प्यांची मोठी शर्यत चार वेळा जिंकली. कॅनडाचा मायकेल वुड्स मैल चार मिनिटांच्या आत धावणारा होता. पायाच्या हाडाला वारंवार ताणभंग होऊ लागला म्हणून तो सायकलीकडे वळला आणि २०१८ च्या जागतिक रस्ता शर्यतीत कांस्य घेऊन आला.

ऑस्ट्रेलियाने तर हे ठरवून केलं. स्केलेटन म्हणजे बर्फाच्या नळीतून पोटावर झोपून घसरत जाण्याची स्लेड शर्यत. त्यात सुरुवातीला सुमारे ३० मीटर स्लेड ढकलत धावायचं असतं, म्हणून निवडीत ३० मीटरच्या धावेला सगळ्यात जास्त वजन दिलं. निवडलेल्या मुली इतर खेळांतून आलेल्या, बर्फावर कधी न उतरलेल्या. त्यांच्यातली एक १४ महिन्यांत २००६ च्या तुरिन हिवाळी ऑलिंपिकमध्ये होती. ब्रिटनने २००७ साली ‘स्पोर्टिंग जायंट्स’ नावाची शोधमोहीम काढली. अटी अगदी साध्या: वय १६ ते २५, पुरुष किमान १९० सेंटिमीटर, महिला १८० सेंटिमीटर, खेळाची पार्श्वभूमी असावी. त्यातून आलेल्या हेलन ग्लोव्हरने २०१२ मध्ये नौकानयनात सुवर्ण जिंकलं. हेच धोरण टेनिस किंवा बॅडमिंटनसाठी राबवलं असतं तर चार वर्षांत काहीच हाती लागलं नसतं.

आपल्याकडचं उदाहरण ललिता बाबर. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ही मुलगी. २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली आणि त्यानंतर ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१६ च्या रिओमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम आणि अंतिम फेरीत दहावा क्रमांक. दोन्ही ॲथलेटिक्सच असलं तरी मॅरेथॉन आणि स्टीपलचेस यांत अंतर बरंच आहे: २८ अडथळे, शिवाय ७ पाण्याच्या उड्या. पण अडथळा जागचा हलत नाही. फुप्फुसं तयार असली की अडथळ्यावरचं पाऊल वर्षा-दोन वर्षांत बसवता येतं.

उसेन बोल्टचं काय झालं हेही यातून कळतं. २०१८ मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रल कोस्ट मरिनर्सकडे फुटबॉलच्या चाचणीसाठी गेला, एका सरावसामन्यात दोन गोलही केले, पण करार झाला नाही. त्याचा कमाल वेग ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात यायचा. फुटबॉलमधल्या बहुतेक धावा १० ते २० मीटरच्या, त्याही वळत, थांबत, अंगावर माणूस घेऊन. सहा फूट पाच इंचाचा माणूस पहिल्या दहा मीटरमध्ये त्या मानाने संथच असतो. म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं भांडवल वापरायला त्या मैदानात जागाच नव्हती. वर पहिला स्पर्श, पासची वेळ, ऑफसाइडची रेषा, हे सगळं बत्तिसाव्या वर्षी शून्यातून.

आता आपल्याकडे खरोखर होणारा बदल जवळून बघू: पैलवान कबड्डीत. इराण हा कुस्तीचा देश, आणि त्याने २०१४ च्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताला २७-२५ इतकं जवळ आणलं, २०१८ मध्ये उपांत्य फेरीत हरवून सुवर्णच नेलं. प्रो कबड्डी लीगमधल्या यू मुंबा संघाचं कर्णधारपद केलेला फझल अत्राचली मूळचा कुस्तीतलाच. पैलवानाकडे पंजाची पकड असते, कंबर खाली ठेवायची सवय असते आणि अंगाला अंग भिडण्याची भीती नसते. पट काढायला जाताना डोकं कुठे ठेवायचं हे त्याला शिकवावं लागत नाही. मांडी पकडणं, कमरेला विळखा घालून उचलणं पहिल्या महिन्यात जमतं.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. कुस्तीत अंगाला अंग लागल्यावर खेळ सुरू होतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला बचावपटू हात लावायला गेला आणि पकड चुकली, की गुण गेला. म्हणून अर्धा खेळ अंतर राखण्याचा. पैलवान घाई करतो, चढाई करणारा अजून पाठ फिरवत नाही तोच पुढे झेप घेतो, आणि चढाई करणारा गुण घेऊन निघून जातो. दुसरी चूक, कुस्तीच्या सवयीने गुडघा टेकून खाली जाणं. खाली गेलेल्या माणसावरून उडी मारून जाणं चांगल्या चढाईबहाद्दराला अवघड नसतं. तिसरी चूक नियमाची: पायांची कैची घालणं कबड्डीत चालत नाही, आणि पैलवानाचे पाय दमलेल्या क्षणी आपोआप कैचीकडे जातात. चौथी सगळ्यात सूक्ष्म. पैलवान समोरच्याला चीत करायला बघतो. इथे चीत करून काही मिळत नाही. त्याचं बोट मध्यरेषेला लागू द्यायचं नाही, एवढंच काम. पाडलेला माणूस लांब हाताचा असेल तर पडल्या पडल्या रेषेला हात लावतो, म्हणून ओढायची दिशा आपल्या मागच्या रेषेकडे हवी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पैलवानाला फार डाव शिकवू नयेत. त्याला कव्हरला, म्हणजे कोपऱ्यांच्या आतल्या बाजूच्या जागेवर, उभं करावं, शेजारच्या बचावपटूशी हाताची साखळी सोडायची नाही असं सांगावं, आणि दिवसाला ३०-४० चढाया नुसत्या बघून पावलं जुळवायला लावावीत, हात न लावता. कंटाळवाणं आहे, पण नजर अशीच घडते. वजनाची मर्यादा आधी बघून घ्यावी. वरच्या गटातला पैलवान वजन उतरवता उतरवता निम्मी ताकद घालवून बसतो.

खो-खोचा खेळाडू कबड्डीत आला तर अडचण बरोबर उलटी. झुकांडी, वळण, खाली वाकून धावणं यात तो पैलवानाच्या कितीतरी पुढे. पण बचाव करताना स्पर्श झाला की बाद, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. चढाईत त्याला स्वतःहून जाऊन स्पर्श करायचा असतो आणि पकडला गेल्यावर ओढत रेषेपर्यंत यायचं असतं. शरीर ऐन वेळी मागे सरतं. अशा खेळाडूला पहिले सहा आठवडे एकट्या बचावपटूसमोर, मग दोघांसमोर, पकडलेल्या अवस्थेतूनच चढाई सुरू करायला लावावी. मोकळी धाव त्याला येतेच.

दुसरा नेहमीचा बदल वेगवान गोलंदाज ते भालाफेक. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: पळत या, डावा पाय रोवा, फेका. डावा पाय रोवून गुडघा न वाकवता सगळा वेग थांबवणं दोन्हीकडे आहे, आणि ते गोलंदाजाला आयतं मिळतं. हात मात्र वेगळा. गोलंदाजाचा हात जवळपास सरळ राहून खांद्यातून वर्तुळात येतो, कारण कोपर १५ अंशांहून जास्त सरळ करायला नियमच परवानगी देत नाही. भालाफेकीत आधी कंबर वळते, मग छाती, मग कोपर कानाजवळून वर येऊन पुढे निघतं आणि शेवटी हात चाबकासारखा सुटतो. गोलंदाज हे सगळं एकदम आणतो. शिवाय चेंडू टाकताना डावीकडे कलायची सवय असते, ती इथे तशीच राहिली तर हात बाजूने येतो, भाल्याचं टोक वर उठतं, भाला हवेत उभा राहतो आणि लवकर पडतो. त्याहून वाईट म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो. पहिल्या दोन महिन्यांत कोपराची आतली बाजू दुखायला लागली, तर ती ‘नवीन आहे म्हणून’ दुखत नाही. हात खाली आणि बाजूने येतोय म्हणून दुखते. त्या दिवशी फेक बंद, व्हिडिओ बाजूने नाही तर मागून काढून बघायचा.

सरावाचा हिशोब साधारण असा ठेवावा. पहिले चार आठवडे भाला बाजूला, ४०० ते ५०० ग्रॅमचा चेंडू, जागेवरून, एका सत्रात ४०-५० फेकी, आठवड्यात दोनच सत्रं आणि मध्ये किमान दोन दिवस. पाचव्या ते आठव्या आठवड्यात तीन पावलांवरून हलका भाला. पुढचा महिना पाच पावलांचे आडवे टप्पे, म्हणजे अंग बाजूला वळवून एका पायासमोरून दुसरा पाय टाकत येणं. पूर्ण धाव त्यानंतर, तीही निम्म्या वेगाने. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅम, क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅम, म्हणजे हातातलं वजन पाचपट होतंय हे विसरू नये. पहिल्या महिन्यात टेप काढून अंतर मोजणं ही प्रशिक्षकाची चूक. अंतर दिसलं की मुलगा जुन्या सवयीने ताकद लावतो आणि सगळं मुसळ केरात. आणखी एक: गोलंदाजाला चेंडू सुटल्यावर चार-पाच पावलं पुढे जायची सवय असते, इथे कमानीच्या, म्हणजे धावपट्टीच्या टोकाला आखलेल्या वक्र रेषेच्या, आत थांबायचं असतं. रोवलेला पाय कमानीपासून दीड-दोन मीटर आधी पडेल अशी खूण पहिल्या दिवसापासून लावावी, नाहीतर स्पर्धेत चांगल्यातल्या चांगल्या फेकी बाद होतात.

उलटा प्रवासही झालाय. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू वेगवान फेकीची एक स्पर्धा गाजवून अमेरिकेला गेले आणि बेसबॉलमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. त्याआधी दोघांनीही बेसबॉल खेळलेला नव्हता. बेसबॉलमध्ये फेकणं हा स्वतः सुरू करायचा प्रकार, म्हणून दार उघडलं. पुढे मुख्य लीगपर्यंत जायला नेमकी जागा आणि तीन-चार प्रकारचे चेंडू हवेत, तिथे दोघांचीही गाडी खालच्या लीगमध्ये थांबली. बरीच वर्षं तेच करत मोठी झालेली मुलं रांगेत पुढे उभी असतात. रांग किती लांब आहे हेही बघायचं असतं. स्केलेटनमध्ये जगभरात मोजके खेळाडू, फुटबॉलमध्ये कोट्यवधी.

दुखापतींबद्दल थोडं जास्त, कारण बहुतेक बदल कौशल्याच्या अभावी फसत नाहीत, आधी दुखापतीने फसतात. हृदय आणि फुप्फुसं तयार असतात, स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात, कंडरा आणि हाडं मात्र महिने घेतात. सायकलपटू किंवा जलतरणपटू धावायला लागला की पहिल्याच आठवड्यात त्याला १० किलोमीटर सहज जातं, आणि तिथेच तो फसतो. त्याचं हाड आपटण्याला सरावलेलं नाही. पोटरी, टाच आणि नडगी तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बोलायला लागतात. अशा खेळाडूला दम लागेल तोवर धावू देऊ नये, घड्याळ लावून थांबवावं: आठवड्यात तीन दिवस, २० मिनिटं, चालणं-धावणं मिळून, आणि एका पायावर पोटरीचे २५ उठाव न थांबता होईपर्यंत वेगाचं काम नाही. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ आली तर डॉक्टरकडे. मातीवरून मॅटवर येणाऱ्यांना गुडघ्याचा धोका वेगळा: बुटाची पकड इतकी घट्ट असते की पाऊल अडकतं आणि शरीर वळतं.

दोन्ही खेळ लहानपणापासून एकत्र खेळलेले लोक या चर्चेत आणू नयेत. एलिस पेरी क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हींचे विश्वचषक खेळली, एस्टर लेडेकाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंग आणि स्नोबोर्ड दोन्हींत सुवर्ण घेतलं, पण त्यांनी खेळ बदलला नव्हता, दोन नजरा समांतर घडवल्या होत्या. एबी डिव्हिलियर्स सात-आठ खेळांत राष्ट्रीय पातळीवर होता ही व्हॉट्सॲपवरची यादी त्याने स्वतःच खोडून काढलेली आहे. आज समांतर खेळणं वेळापत्रकामुळेही जमत नाही, आणि तेव्हाही सोपं नव्हतं. एम. जे. गोपालन क्रिकेट आणि हॉकी दोन्हींत भारताकडून खेळले. १९३६ मध्ये त्यांनी बर्लिनऐवजी इंग्लंडचा क्रिकेट दौरा निवडला. हॉकी संघ सुवर्ण घेऊन आला, आणि गोपालनना त्या दौऱ्यात एकही कसोटी मिळाली नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती पगाराची. रेल्वे, पोलीस, सैन्यदल, सरकारी खाती यांत खेळाडू कोट्यातली नोकरी एका ठरावीक खेळावर मिळालेली असते आणि खात्याच्या संघाकडून त्याच खेळात उतरणं अपेक्षित असतं. खेळ बदलायचा तर आधी लेखी परवानगी, मग सराव. नव्या खेळाच्या जिल्हा संघटनेत नोंदणी आणि निवड चाचणीच्या तारखाही आधी बघाव्यात. वर्षातून एकदाच चाचणी असेल आणि ती हुकली तर अख्खा मोसम गेला.

कुणी बावीस-तेवीस वर्षांचा खेळाडू विचारत आला, तर आधी पाच मोजमापं घ्यावीत: ३० मीटर धाव, त्यातले पहिले १० मीटर वेगळे, जागेवरून लांब उडी, बसून छातीपासून फेकलेला तीन किलोचा मेडिसिन बॉल, २.४ किलोमीटरची वेळ, आणि दोन्ही हात पसरून लांबी. आकडे ज्या खेळाच्या राज्य पातळीच्या जवळ आहेत ते दोन खेळ निवडावेत आणि प्रत्येकी १२ आठवडे द्यावेत. बाराव्या आठवड्यात निकाल बघायचा नाही, चुका बघायच्या. आठव्या आठवड्यात ज्या चुका होत होत्या त्याच बाराव्यात असतील तर दुसरा खेळ. चुका बदलल्या असतील, म्हणजे पैलवान आता घाई करत नाही पण साखळी सोडतोय, तर त्याला वर्ष द्यावं.